पेटीतला खडक, वाटेवरचा दगड

शाळांच्या प्रयोगशाळेत खडकांची पेटी असते. कप्प्याकप्प्यांत ग्रॅनाइट, संगमरवर, वालुकाश्म. खाली नावांच्या चिठ्ठ्या. दूरदूरचे खडक ती एका बाकावर आणते, हा तिचा गुण आम्हांला मान्य आहे. पण डहाणू-तलासरीच्या वर्गात ती उघडली की दोषही दिसतो. खडक ही परगावची वस्तू आहे आणि तिचे नाव पाठ झाले की काम संपले, असे ती नकळत शिकवते.

त्यापेक्षा पदपथाच्या कडेचा दगड पाहावा. मुंबईच्या जुन्या रस्त्यांना काळ्या बेसाल्टचे घडीव दगड बसवत. आता बहुतेक ठिकाणी काँक्रीटचे साच्यातले ठोकळे दिसतात. मग याला दगड म्हणावे का? इथेच भूशास्त्राचा तास सुरू होतो. शिक्षकांनी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकावा. काँक्रीटवर बुडबुडे येतात, कारण सिमेंटमधील चुन्याचे हवेमुळे कॅल्शियम कार्बोनेट झालेले असते. ताज्या बेसाल्टवर सहसा काही होत नाही. मात्र त्याच्या पोकळ्यांत कॅल्साइट असेल, तर तेथे बुडबुडे येतील. असा अपवाद सापडला तर उत्तमच!

आता फुटका ठोकळा घ्या. आत काळी, टोकदार खडी दिसेल. आपल्या भागात ती बहुधा बेसाल्टचीच असते, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची. तुकडे आणि त्यांना जोडणारे द्रव्य, हीच रचना काही गाळाच्या खडकांतही आढळते. सूर्या नदीतला गोटा शेजारी ठेवा. तो गुळगुळीत का आणि खडी टोकदार का, हे मुलेच सांगतील.

हा प्रश्न केवळ अभ्यासक्रमाचा नाही. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडी परिसराला भूकंपाचे धक्के बसू लागले. घरांना तडे गेले, माणसे रात्री घराबाहेर झोपली. 'आपल्या जमिनीखाली काय आहे?' असे विचारणाऱ्या मुलाला पेटीतली चिठ्ठी काय उत्तर देणार? खडक म्हणजे कप्प्यातला तुकडा नव्हे. आपण ज्यावर उभे आहोत तो थर, त्याला भेगा असतात आणि ताण असह्य झाला की तो भेगेवर सरकतो, एवढे तरी त्याला कळायला हवे. त्याने भीती जाईलच असे नाही, पण अफवांना जागा कमी उरेल.

या उणिवेत आम्हा विज्ञान लिहिणाऱ्यांचाही वाटा आहे. आम्हीही व्याख्या आधी दिल्या, दगड नंतर.

पेटी टाकून देऊ नये. आधी मुलांनी गावातला दगड पाहावा, मग पेटी उघडावी. त्यासाठी मुलांना महामार्गावर मात्र नेऊ नका. शाळेच्या पायरीपासून सुरुवात करा.