पाहिलंय कोणी?

वादात हरायला आलेल्या माणसाचं शेवटचं हत्यार म्हणजे ‘पाहिलंय कोणी?’ जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी ते तेव्हाच्या औरंगाबादेत थेट डार्विनवर उगारलं. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे सांगितलं नाही की लिहिलं नाही. सबब उत्क्रांतिवाद चूक, तो अभ्यासक्रमातून बदला, असं त्यांचं म्हणणं.

मंत्रिमहोदय रसायनशास्त्र शिकलेले आणि एके काळचे मुंबईचे पोलीस आयुक्त. रसायनशास्त्रात मी तोंड घालत नाही. मी पडलो बी.कॉम. पण खून होताना कोणी पाहिला नाही म्हणून पोलीस ‘माणूस मेलाच नाही’ असं काही म्हणत नाहीत. ठसे घेतात, धागेदोरे जुळवतात. डार्विननं १८५९ च्या ग्रंथात दुसरं काय केलं? शिवाय आजच्या माकडाचा माणूस झाला, असं तो म्हणतच नाही. आमची वालीवची शाखा नालासोपाऱ्याच्या शाखेच्या पोटी जन्मली नाही. दोघींचं हेड ऑफिस एक. माकडाचं आणि आपलं नातं तेवढंच.

आता पाहण्याची गोष्ट. नोव्हेंबरात पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला बँकेत येतात. माणूस समोर उभा असतो, खोकतो, पंखा वाढवायला सांगतो. तरी कागद झाल्याशिवाय तो जिवंत आहे हे बँकेला मान्य नाही! डोळ्यांपेक्षा नोंद मोठी. जमिनीच्या थरांतही नोंदच आहे : मासे खूप खालच्या थरांत, माणूस अगदी वर. मधली काही व्हाउचरं गहाळ आहेत, कबूल. पण तेवढ्यावरून लेजरच खोटं ठरवायचं, तर वालीवचे सगळे गाळेवाले उद्या कर्ज नाकारायला रांग लावतील.

श्रद्धेचं काय, म्हणाल. आमच्या वसईत देवळं जुनी, तशी चर्चही जुनी. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ मध्येच उत्क्रांती ही नुसत्या गृहीतकाहून अधिक आहे असं सांगून टाकलं. आपले दशावतार तर मासा, कासव, वराह अशाच क्रमानं येतात. गंमत अशी, की ‘हे आमच्याकडे आधीच होतं’ म्हणणारे आणि ‘हे साफ खोटं आहे’ म्हणणारे गृहस्थ कित्येकदा एकच असतात.

त्या वेळी देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी मिळून निषेधाचं पत्रक काढलं, खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी राज्यमंत्र्यांना आवरलं. प्रकरण मिटलं म्हणावं, तर २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातला ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ हा धडा नुसता ‘आनुवंशिकता’ होऊन आला. कारण काय, तर मुलांवरचा बोजा. १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक वगैरे मंडळींनी पत्र लिहिलं. उत्तर मिळालं, बारावीच्या जीवशास्त्रात आहे की!

आहे ना. पण दहावीनंतर कॉमर्सला जाणाऱ्यानं काय करायचं? आयटीआयला जाणाऱ्यानं? आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात, विज्ञानाच्या दुसऱ्या भागात, हा पहिलाच धडा होता. दहावीतून तो काढला की पुष्कळांच्या आयुष्यातूनच गेला. डार्विन विसरला तरी पोरांचं अडत नाही. डेबिट-क्रेडिट करताना मलाही तो कधी लागला नाही. पण न पाहिलेली गोष्ट पुराव्यानं कशी ताडून बघायची, हे एकदा तरी कोणी शिकवायला नको? नाहीतर पुढे ज्याचा आवाज मोठा, त्याची बेरीज बरोबर.