नवी इंद्रिये आणि मराठी विज्ञानकथा

महाराणा प्रताप नगर हा भोपाळचा शिकवणी-वर्गांचा आणि वृत्तपत्र-कार्यालयांचा भाग. तेथील फलकांच्या गर्दीत श्रवणयंत्रांच्या दुकानांचे फलकही आता नजरेस पडतात. ते पाहताना एक प्रश्न आम्हांला बरेच दिवस सतावीत आहे. यंत्राच्या साह्याने माणसाची इंद्रिये, आणि उद्या कदाचित त्याची जाणीवही, विस्तारू लागली असता आपल्या विज्ञानकथेने त्या जाणिवेच्या आत कितपत डोकावून पाहिले आहे?

मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत कै. जयंत नारळीकर अग्रगण्य होत. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठविली, तेथून त्यांच्या कथालेखनाचा आरंभ झाला. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत माणसाच्या देहाची डावी-उजवी बाजूच उलटते. कल्पना विलक्षण आणि मांडणी गणिती काटेकोरपणाची. परंतु लेखकाचे लक्ष कोडे उलगडण्याकडे आहे, उलटलेल्या माणसाला जग कसे भासते याकडे कमी. ‘वामन परत न आला’ मध्ये असामान्य बुद्धी लाभते ती यंत्रमानवाला. माणूस आहे तसाच राहतो. हा दोष म्हणून आम्ही सांगत नाही. त्या पिढीला वाचकाची विज्ञानाशी ओळख करून द्यावयाची होती, आणि ते कार्य तिने उत्तम केले. तथापि पुढच्यांनीही तेथेच थांबावे, हे आम्हांला पटत नाही.

या बाबतीत आपली परंपरा दरिद्री नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात बोलाच्या गोडीसाठी कानांनाच जिभा फुटतात आणि इंद्रियांत कलह माजतो. अकराव्यात दिव्य दृष्टी लाभलेला अर्जुन विश्वरूप पाहून भयभीत होतो आणि पूर्वीचेच रूप मागतो. (संजयापाशी दूरचित्रवाणी होती, असे सांगत फिरणाऱ्यांना यातले काहीच दिसत नाही.) मिळालेले इंद्रिय पेलावेही लागते, हे ज्ञानदेवांनी त्या अनुभवाच्या आत शिरून लिहिले आहे.

आणि आज ही केवळ कल्पनेची गोष्ट उरलेली नाही. कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये कानामागचे यंत्र ध्वनी टिपते, त्याचे विद्युत्संकेत करते आणि ते अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेत बसविलेल्या तारेवाटे श्रवणतंतूस पोहोचविते. निसर्गाने जेथे सुमारे ३,५०० आंतरकेशपेशी ठेवल्या, तेथे एका प्रचलित रचनेत अवघी २२ विद्युदग्रे असतात! म्हणून शस्त्रक्रियेनंतर लगेच शब्द कळत नाहीत. ऐकणे शिकावे लागते. प्रौढपणी श्रवण गमावलेल्या कित्येकांना आरंभी ओळखीचे आवाजही धातूवर ठोकल्यासारखे वाटतात. इंद्रिय कंपनीच्या स्वाधीन असणे ही तर वेगळीच विवंचना. अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘आर्गस-२’ या नेत्ररोपणाचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, आणि ते बसवून घेतलेल्यांपुढे बिघडलेला डोळा दुरुस्त कोणी करावयाचा, हा प्रश्न उभा राहिला. कथाबीज म्हणून एवढे कोणाला अपुरे वाटावे?

आम्हांला मात्र त्याहून जवळची एक गोष्ट खुणावते. मध्य प्रदेशात लहान मुलांवरील श्रवणरोपणासाठी शासनाची योजना आहे. एखाद्या भोपाळच्या मराठी घरात जन्मतः न ऐकणारे मूल असावे, त्याच्यावर ही शस्त्रक्रिया व्हावी. वाक्‌प्रशिक्षण साहजिकच हिंदीतून. अशा मुलाशी एकाच भाषेत बोला, हा सल्ला पालकांना पुष्कळदा दिला गेला आहे. दोन भाषांनी मुलाची हानी होत नाही असे अलीकडील अनेक अभ्यास दाखवीत असले, तरी भ्यालेल्या आईबापांना ते कोण सांगणार? मग मुलाशी बोलताना घर हळूहळू हिंदीकडे वळते आणि आजीने कोणत्या भाषेत हाक मारावी, हे त्या यंत्राच्या निमित्ताने ठरू लागते. हिंदीच्या नेहमीच्या बोलण्यात नसलेला आपला ‘ळ’ त्या २२ विद्युदग्रांतून मुलाला कसा ऐकू येत असेल? ‘बाळ’ आणि ‘बाल’ यांतला भेद त्याला कधी उमगत असेल, आणि उमगला त्या दिवशी त्याच्या मनात काय झाले असेल? हे बाहेरून सांगता येण्याजोगे नाही. त्या मुलाच्या कानाने लिहिलेली मराठी कथा अद्याप आमच्या वाचनात आलेली नाही.