रांग संपते तिथं कोण होतं?

राज्यारोहणाची वर्णनं मी बरीच वाचली. हत्ती, चौघडा, तोफा, मानकऱ्यांच्या रांगा, सगळं येतं. पण रांग संपते तिथं पुढं कोण उभं होतं, हे लिहिणारा सांगत नाही. माझं भांडण त्याच्याशी आहे.

कोल्हापूरचा जुना राजवाडा बघा. आधी नगारखान्याची कमान, मग भवानी मंडप, मग गादी. मंत्रवाला गादीजवळ, रयत कमानीशी. महार-मांगांची जागा तर वर्णनातच नाही. २ एप्रिल १८९४ ला शाहू छत्रपतींनी कारभार हाती घेतला. पुढं पाचच वर्षांत पंचगंगेवर भटजीनं त्यांनाच शूद्र ठरवून वेदोक्त नाकारलं. म्हणजे गादी मिळाली तरी मंत्राची किल्ली दुसऱ्याच्याच कमरेला!

दसऱ्याला शमीपूजनासाठी राजा चौकात येई. पण तिथंही लोकांनी बघायचं आणि मुजरा करायचा.

मार्च १९२० मध्ये माणगावला मात्र उलटं झालं. हाच राजा अस्पृश्यांच्या परिषदेत आला आणि तुमचा पुढारी तुम्हाला सापडला, असं बाबासाहेबांकडे बोट दाखवून सांगून गेला. ना छत्र, ना भटजी. मला हे खरं राज्यारोहण वाटतं. ९ डिसेंबर १९५० ला बिंदू चौकात फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे बसले, तेही बाबासाहेब हयात असताना. तिथं कुणी कुणाला कमानीवर अडवलं नाही.

आणि आता, मित्रांनो, आपल्याच जयंतीचं स्टेज बघा. पुढाऱ्याला सिंहासनासारखी खुर्ची, आयाबाया दोरीच्या पलीकडं. ही कमान कुणी बांधली?