चॅरिटी, लव्ह आणि आपली माया

आमच्या एका स्नेह्याच्या घरी विवाहाच्या सुवर्णमहोत्सवाची मिस्सा ठरली होती. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील तेरावा अध्याय नातवाने इंग्रजीतून वाचावा, असे ठरले. आदल्या संध्याकाळी आजोबांच्या संग्रहातील जुने बायबल हाती घेऊन तो सराव करू लागला आणि मध्येच थांबला. “आजोबा, लग्नाच्या वाढदिवशी देणगीबद्दल कशाला वाचायचं?” असा त्याचा प्रश्न होता. आपल्या मराठी पुस्तकात जेथे ‘प्रीती’ आहे, तेथे त्या जुन्या पुस्तकात ‘चॅरिटी’ हा शब्द छापलेला होता. मुलाच्या लेखी चॅरिटी म्हणजे निधी जमवण्याचा कार्यक्रम. घरातली मंडळी हसली, पण त्या प्रश्नाने आम्हांला विचारात पाडले. ज्या अध्यायाचा आत्मा प्रीती आहे, तो वाचताना चांगल्या शाळेत शिकलेल्या मुलाला पावतीपुस्तक आठवावे, हे कशामुळे घडले?

उत्तर शोधण्यासाठी आधी ‘लव्ह’ या नेहमीच्या शब्दाकडे पाहावे लागेल. या एका शब्दावर इंग्रजी भाषेने किती भार टाकला आहे! आई लेकरावर करते ते लव्ह, तरुण-तरुणींचे ते लव्ह, देशाविषयी वाटते ते लव्ह, हापूस आंब्याविषयी वाटते तेही लव्हच. टेनिसच्या मैदानावर तर ‘लव्ह’ म्हणजे चक्क शून्य! समानार्थी शब्दांचा कोश उघडला, तर अफेक्शन, फॉण्डनेस, डिव्होशन, अटॅचमेंट अशी रांगच लागते. पीटर मार्क रोझे या इंग्रज वैद्याने १८५२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘थिसॉरस’मध्ये शब्द अकारविल्हे मांडलेले नव्हते, तर कल्पनांप्रमाणे गटागटांनी मांडलेले होते. एका गटातील शब्द एकमेकांचे शेजारी असतात, जुळी भावंडे नव्हेत. समानार्थी म्हणवणाऱ्या दोन शब्दांतून एक निवडताना लेखक नकळत आपली भूमिकाही निवडत असतो.

या ‘लव्ह’चे मूळ आपल्या फार जवळचे आहे. भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृतातील ‘लुभ्’ या धातूशी जोडतात. त्याच धातूपासून आपला ‘लोभ’ आला. सात घातक पापांत आपण लोभाची गणना करतो आणि पत्राच्या शेवटी मात्र ‘लोभ असावा ही विनंती’ असे आदराने लिहितो! इंग्रजीतील ‘बिलीव्ह’, म्हणजे विश्वास ठेवणे, हाही त्याच कुळातील शब्द. श्रद्धा, प्रीती आणि हाव अशा तिन्ही फांद्या एका मुळातून फुटाव्यात, यात मानवी मनाचा केवढा इतिहास दडला आहे!

‘चॅरिटी’चे कूळ वेगळे आहे. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला आणि त्यातील ‘अगापे’ या शब्दासाठी संत जेरोमच्या लॅटिन बायबलने अनेक ठिकाणी ‘कारितास’ हा शब्द योजला. ‘कारुस’ म्हणजे प्रिय आणि मौल्यवानही. ज्याची किंमत मोजावी लागते ते प्रेम, अशी छटा त्या शब्दात मुळातच आहे. ‘कारितास’ फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि ‘चॅरिटी’ झाला.

सोळाव्या शतकात या दोन शब्दांवरून इंग्लंडमध्ये मोठा वाद पेटला. विल्यम टिंडेल याने मूळ ग्रीकवरून केलेला नव्या कराराचा इंग्रजी अनुवाद १५२६ साली छापून पुरा झाला. त्यात ‘चॅरिटी’च्या जागी त्याने ‘लव्ह’ घातले. १५२९ साली सर थॉमस मोर यांनी त्यावर कडाडून टीका केली. त्यांचे म्हणणे असे की, लव्ह हे नाव चांगल्या-वाईट अशा सर्वच प्रेमांना लागते. चॅरिटी म्हणजे मात्र निर्मळ, मर्यादेत राहणारे, सद्गुणी प्रेम. ख्रिस्ती कानांना परिचित असलेला हा नेमका शब्द काढून मोघम शब्द का घालावा? शब्द बदलण्यामागे सत्कर्मांचे मोल कमी करण्याचा हेतू आहे, असा त्यांना संशय होता.

टिंडेलने १५३१ साली उत्तर दिले. लोकांच्या तोंडी चॅरिटीचा अर्थ पुष्कळदा भिक्षा देणे असाच होतो, हा त्याचा एक मुद्दा. दुसरा मुद्दा व्याकरणाचा आणि अधिक मार्मिक होता. ‘लव्ह’ हे नामही आहे आणि क्रियापदही. देवावर आणि शेजाऱ्यावर प्रेम कर, ही आज्ञा ‘लव्ह’ने देता येते. ‘चॅरिटी’चे क्रियापदच होत नाही, मग आज्ञा द्यायची कशी?

या वादाची अखेर दुःखद आहे. १५३५ साली राजाला चर्चचा प्रमुख मानण्यास नकार दिल्यामुळे मोर यांचा लंडनमध्ये शिरच्छेद झाला. पुढच्याच वर्षी टिंडेलला आजच्या बेल्जियममधील व्हिलव्होर्ड येथे पाखंडी ठरवून गळा आवळून मारण्यात आले आणि त्याचा देह जाळण्यात आला. मोर यांना १९३५ साली संतपद मिळाले. परस्परांविरुद्ध लेखणी चालवणारे हे दोघे विद्वान आपापल्या सदसद्विवेकबुद्धीसाठी मेले. प्रीतीला कोणता शब्द योग्य, याची चर्चा करताना मात्र दोघांच्याही भाषेत प्रीती फारशी उरली नव्हती, हे खेदाने नमूद करावे लागते.

काळाने या वादावर विलक्षण निवाडा दिला. प्रॉटेस्टंट राजाच्या आज्ञेने १६११ साली निघालेल्या बायबलमध्ये टिंडेलचे असंख्य शब्द जसेच्या तसे आले, पण पौलाच्या त्या तेराव्या अध्यायात आला मोर यांचा ‘चॅरिटी’! कॅथलिकांच्या १५८२ सालच्या ऱ्हीम्सच्या नव्या करारात तो होताच. पुढे १८८१ सालच्या सुधारित आवृत्तीने ‘लव्ह’ परत आणले आणि १९६६ सालच्या जेरुसलेम बायबलमध्ये कॅथलिक अनुवादकांनीही टिंडेलचाच शब्द स्वीकारला. प्रत्येक पक्षाने अखेर प्रतिपक्षाचा शब्द कधी ना कधी आपलासा केला.

मग बरोबर कोण होते? आमच्या मते दोघेही अर्धे बरोबर होते. ‘लव्ह’ पातळ होईल, ही मोर यांची भीती खरी ठरली. ‘चॅरिटी’ आखडेल, ही टिंडेलची जाणीवही खरी ठरली. त्या शब्दात पूर्वी देवाची प्रीती, शेजाऱ्याविषयीची सदिच्छा आणि गरिबाला दिलेला घास ही तिन्ही नांदत होती. हळूहळू पहिली दोन मागे पडली आणि देणगी तेवढी उरली. एखाद्याच्या कोरडेपणाला ‘चॅरिटीसारखा थंड’ म्हणण्याची पद्धत इंग्रजीत पडली, ती उगीच नव्हे. देणाऱ्याच्या हातातून ऊब गेली, तशी ती शब्दातूनही गेली. शब्दाचा ऱ्हास कोशकार करीत नाहीत, तो आपल्या वागण्यातून होतो. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ सालच्या ‘देऊस कारितास एस्त’ या आपल्या पहिल्या परिपत्रकात आरंभीच ‘प्रेम’ या शब्दाच्या अतिवापराची आणि गैरवापराची दखल घेतली आणि उत्तरार्धात चर्चच्या सेवाकार्याचा विचार मांडला. दुभंगलेला शब्द पुन्हा सांधण्याचाच तो प्रयत्न होता, असे आम्ही मानतो.

हा सगळा परक्यांच्या भाषेचा प्रश्न, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. टिंडेल-मोर वादानंतर काही दशकांतच एक इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू, फादर थॉमस स्टीफन्स, १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापले गेले. ख्रिस्ती आशयासाठी मराठी शब्द निवडण्याची जोखीम त्यांनीही पत्करली. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा येथल्या मातीतला शब्द वापरण्यास ते कचरले नाहीत. श्रोत्याच्या घरातला शब्द उचलावा आणि त्यात नवा अर्थ ओतावा, ही त्यांची दृष्टी होती.

आज आपल्याकडे काय दिसते? चॅरिटी कमिशनर मराठीत ‘धर्मादाय आयुक्त’ झाले. कचेरीत धर्मादाय आणि देवळात प्रीती, अशी वाटणी आपणही करून टाकली. ‘प्रीती’ हा शब्द सुंदर आहे, परंतु आपल्यापैकी किती जण तो स्वयंपाकघरात उच्चारतात? उपदेशात आणि जुन्या गीतांतच तो ऐकू येत राहिला, तर एके दिवशी त्याचीही गत चॅरिटीसारखी होईल. आम्ही तो टाकून द्या असे म्हणत नाही. त्याच्या जोडीला घरातले शब्द उभे करा, एवढेच म्हणतो. जिव्हाळा आहे, लळा आहे, ममता आहे, आपुलकी आहे. आणि सर्वांत आपली अशी ‘माया’ आहे.

मायेचे अर्थही थोडे नाहीत. वेदान्ती तिला भ्रम म्हणतात, व्यवहारी माणूस ‘बरीच माया जमवली’ म्हणतो, आणि आजी नातवंडांवर माया करते. चौथा अर्थ शिवणकाम करणाऱ्या आपल्या आयाबहिणींना ठाऊक आहे. वाढत्या अंगाच्या मुलाचे कपडे बेतताना शिवणीच्या आत थोडे जादा कापड राखून ठेवतात, त्यालाही मायाच म्हणतात. ते बाहेरून दिसत नाही. मूल वाढले की शिवण उसवायची आणि तेच कापड सोडून अंगरखा सैल करायचा.

त्या नातवाला आजोबांनी काय उत्तर दिले, हे सांगायचे राहिलेच. ते म्हणाले, “बाळा, तुझ्या आजीने पन्नास वर्षं प्रत्येक शिवणीत माया ठेवली. उद्या वाचताना तेवढं ध्यानात ठेव. शब्द कोणता का असेना.” दुसऱ्या दिवशी नातवाने जुन्याच पुस्तकातून वाचले. ‘चॅरिटी’ हा शब्द आला तेव्हा त्याने पुस्तकावरून नजर उचलून पहिल्या बाकावरच्या आजीकडे पाहिले. आमच्या मते तो अनुवाद अचूक होता.