अपरिग्रह आणि घरखर्च : ‘स्मृतिचित्रे’तील ख्रिस्ती धनविचार

धनाविषयीची ख्रिस्ती भूमिका मराठीत बहुधा उपदेशाच्या अंगाने मांडली गेली आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील धनिक तरुण सर्व आज्ञा पाळणारा आहे; तरीही सर्वस्व विकून गोरगरिबांना देण्यास सांगताच तो खिन्न होऊन परततो. प्रवचनात ही कथा सोपी वाटते. ती संसारात उतरली म्हणजे काय घडते, याचा मराठीतील सर्वांत प्रांजळ हिशेब लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त (१९३४-३६) आढळतो. समीक्षेने या ग्रंथातील विनोदाचा व घरगुती भाषेचा यथोचित गौरव केला. त्यातील धर्मविचार मात्र काहीसा उपेक्षित राहिला.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पोटासाठी धर्म सोडला, असा आरोप त्या काळी धर्मांतरितावर सहज केला जाई. त्यामुळे मिशनचा पगार हा त्यांच्यापुरता निव्वळ चरितार्थाचा प्रश्न नव्हता. परकीय संस्थेचे वेतन घेऊन विरक्त ख्रिस्ताची गोष्ट सांगणे, ही विसंगती होती. १९१७ मध्ये त्यांनी वेतन सोडले व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारण्याचे काम आरंभिले. या निर्णयाची मुळे जितकी शुभवर्तमानात, तितकीच कर्जखते इंद्रायणीत सोडणाऱ्या तुकोबांच्या परंपरेतही आहेत. टिळकांचा ख्रिस्त अपरिग्रही संतांच्या वाटेनेच त्यांच्याकडे आला होता.

परंतु विरक्त पुरुषाच्या घरीही चूल पेटवावी लागते. घरखर्चाची रक्कम भलत्याच कामी खर्ची पडणे, पूर्वसूचनेशिवाय पाहुणा येणे, उद्याची तरतूद नसणे या गोष्टी लक्ष्मीबाई हसत सांगतात. वाचकही हसतो. त्या हास्याखाली असलेला प्रश्न मात्र गंभीर आहे : स्वतःच्या मालकीचे देणे हा त्याग खरा, पण दुसऱ्याच्या वाट्याचेही त्यात दिले गेले तर? धन मनुष्याला बांधून ठेवते, हे शुभवर्तमान सांगते. औदार्याचीही एक धुंदी असते आणि तीत जवळचे माणूस दिसेनासे होते, हे ‘स्मृतिचित्रे’ दाखविते. ग्रंथात टिळकांची निंदा नाही, आणि त्यांना देव्हाऱ्यातही बसविलेले नाही. हे संतुलन भल्याभल्या चरित्रकारांना साधलेले नाही.

या घराशी खानदेशचे नाते बालकवींमुळे आहे. धरणगावी १८९० मध्ये जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी ‘बालकवी’ ही पदवी दिली. पुढे अहमदनगरला टिळकांच्या घरी ते मुलासारखे राहिले. १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. टिळकांनी एका कवीस आश्रय दिला, असे वाङ्मयेतिहास लिहितो व तेथेच थांबतो. वाढलेल्या पानाचा हिशेब त्यात येत नाही. तो लक्ष्मीबाईंच्या लेखनातून समजून घ्यावा लागतो. संचय नाकारणारे ते घर नसते, तर परजातीच्या, परगावच्या एका अस्थिर तरुणास तेथे जागा मिळती काय, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. म्हणून टिळकांच्या अपरिग्रहास केवळ बेजबाबदारपणा ठरविणारे अलीकडील वाचनही अपुरे पडते.

मंदिराच्या भांडारात दोन नाणी टाकणारी विधवा शुभवर्तमानात काहीच बोलत नाही. तिने त्या दिवशी काय शिजविले, हे कोणी विचारलेले नाही. लक्ष्मीबाई त्या विधवेच्या जागेवरून बोलतात, आणि तरीही दान थांबवा असे म्हणत नाहीत. दुष्काळातील पोरकी मुले त्यांनीही आपली मानली. फरक इतकाच की, त्या किती पीठ उरले आहे हे पाहून देतात. टिळकांच्या पश्चात घरात द्रव्य नव्हते. ‘ख्रिस्तायन’ हे अपुरे काव्य होते. आरंभीच्या काही अध्यायांपुढचा त्याचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी, शाळेचे शिक्षण नसताना, लिहून काढला.