मीठ कुठे गेले?

शालेय विज्ञान प्रदर्शनात गेलो की सांडपाणी-शुद्धीकरणाची एक तरी प्रतिकृती हमखास भेटते. डावीकडे काळे पाणी, मध्ये दोन डबे, उजवीकडे निळसर ‘शुद्ध’ पाणी आणि वर फलक: ‘१०० टक्के पुनर्वापर’. (शुद्ध पाण्याला निळा रंग का द्यावा, हे कोडे आम्हांला अजून उलगडलेले नाही.) काम नेटके असते; पण एक डबा कमी असतो. या विषयावरील लोकप्रिय लेखांतही, आमच्या लेखांसकट, तो बहुधा नसतो.

कापड रंगवण्याच्या कारखान्याचे उदाहरण घेऊ. पाण्यात सुती धागा आणि रंगाचा रेणू या दोहोंवर ऋण प्रभार असतो. ते एकमेकांना दूर लोटतात. त्यांना जवळ आणण्यासाठी मीठ किंवा सोडियम सल्फेट भरपूर घालावे लागते. रंगाचा बराचसा भाग धाग्याला धरतो, मीठ मात्र जवळजवळ सगळे पाण्यातच राहते.

पहिला डबा जिवाणूंचा. सेंद्रिय पदार्थ जिवाणूंना खाऊ घालण्याची ही रीत आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ साली मँचेस्टर येथे मांडली. पूर्वी जिवाणूंचा गाळ तळाशी बसेपर्यंत थांबावे लागे. आता टाकीतच पटल बुडवून त्यातून पाणी ओढून घेतात. पटलाची छिद्रे मायक्रॉनच्या काही दशांशांची किंवा त्याहून लहान, जिवाणू साधारण एक मायक्रॉनचा. तो मागे अडकतो. त्यामुळे टाकीत जिवाणूंची दाटी वाढवता येते, जागा कमी लागते. जोडणी खरोखर सुरेख आहे. परंतु सोडियमचा आयन जिवाणू खात नाहीत, आणि या छिद्रांतून तो बिनदिक्कत पार होतो.

त्यासाठी दुसरा डबा, व्युत्क्रमी परासरणाचा, म्हणजेच बोलीतला ‘आर. ओ.’. येथे फळ्यावर हिशेब मांडावा. १००० लिटर पाण्यात लिटरला ६ ग्रॅम क्षार धरले, तर एकूण ६ किलो. त्यातून ८०० लिटर गोडे पाणी मिळाले, तर उरलेल्या २०० लिटरमध्ये लिटरला सुमारे ३० ग्रॅम क्षार होतील. समुद्राच्या पाण्यात ते ३५ ग्रॅम असतात. पटलाने काहीही नष्ट केले नाही. फक्त वेगळे केले. हा उरलेला खारा द्रवच प्रतिकृतीतून गायब असतो.

तो गायब मानण्याची किंमत तमिळनाडूतील तिरुपूरने मोजली आहे. तेथील रंगशाळांचे खारे पाणी नोय्यल नदीत गेले. सिंचनासाठी १९९२ साली पूर्ण झालेल्या ओरतुपाळयम धरणात तेच साठले आणि खालच्या शेतकऱ्यांना ते नकोसे झाले. मद्रास उच्च न्यायालयाने २००६ साली ‘शून्य द्रव विसर्ग’ बंधनकारक केला. तो साधला नाही म्हणून जानेवारी २०११ मध्ये रंगशाळा बंद करण्याचा आदेश दिला. शेतकऱ्याचे शेत एका बाजूला, कामगाराची रोजी दुसऱ्या बाजूला.

त्यानंतर तेथील सामाईक केंद्रांत जैविक प्रक्रिया, पटले आणि बाष्पक अशी साखळी उभी राहिली. बाष्पकाला ऊर्जा फार लागते: उकळत्या १ किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल. वाफेची उष्णता पुन्हा वापरून खर्च पुष्कळ घटतो, तरी तो पटलांपेक्षा कितीतरी जास्तच राहतो. एक शहाणपणाची वाटही तेथे सापडली. खारा द्रव निवळून पुन्हा रंगाईसाठीच वापरायचा. सोडियम सल्फेट गार केल्यावर स्फटिकरूपात वेगळे होते, तेही परत कामी येते. मात्र निरनिराळ्या क्षारांचे मिश्रण उरते त्याला गिऱ्हाईक नाही. ते आवारात साठवून ठेवावे लागते. ‘शून्य’ या शब्दाबद्दल आमची तक्रार आहे ती यासाठी. शून्य होतो तो नदीत जाणारा द्रव, मीठ उरतेच.

तेव्हा पुढच्या प्रदर्शनात विद्यार्थ्यांना तिसरा डबा ठेवायला सांगा. वजन केलेले मीठ गढूळ पाण्यात विरघळवा, ते गाळणकागदातून गाळा, गाळलेले पाणी बशीत उन्हात ठेवा. पाणी उडून गेल्यावर बशीतले मीठ पुन्हा तोला आणि तो आकडा फलकावर लिहा.