थांबलेली रांग आणि पुढे सरकणारी दुचाकी : अपघातातील उत्तरदायित्वविषयक न्यायनिर्णयांची चिकित्सा

कोंडीत अडकलेल्या वा संथ गतीने चाललेल्या वाहनांच्या रांगेतून किंवा रांगेच्या कडेने दुचाकी पुढे नेणे, या कृतीस इंग्लंडच्या वाहतूक परिभाषेत ‘फिल्टरिंग’ असे म्हटले जाते. मराठीत तिला स्वतंत्र संज्ञा नाही. ‘मधून गाडी काढणे’ एवढ्यावर भागते. भारतीय मोटार वाहन कायदाही तिचा स्वतंत्र विचार करीत नाही. मात्र रांगेतील फटीतून एखादी मोटार आडवी आली आणि धडक झाली, की ही अनाम कृती दावा न्यायाधिकरणापुढे प्रश्न म्हणून उभी राहते. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९६६ पासून या प्रश्नाचा वारंवार विचार केला आहे. त्या निर्णयांपैकी काहींची चिकित्सा प्रस्तुत लेखात अभिप्रेत आहे. उत्तरदायित्वाची टक्केवारी बऱ्याचदा अपघाताच्या कारणापेक्षा दुचाकीस्वाराविषयीच्या धारणेतून ठरत गेली, असे या निर्णयांच्या वाचनातून दिसते. भारतातही नेमका हाच धोका संभवतो.

पॉवेल विरुद्ध मूडी (१९६६) हा या मालिकेतील आरंभीचा महत्त्वाचा निर्णय होय. इंग्लंडमध्येही वाहने रस्त्याच्या डावीकडून चालत असल्याने त्यातील प्रसंग येथील वाचकास परका वाटू नये. वाहनांची रांग थांबलेली होती. मोटारसायकलस्वार रांगेच्या उजव्या अंगाने पुढे निघाला. रांगेतील दुधाच्या टँकरच्या चालकाने बाजूच्या रस्त्यावरून येणाऱ्या मोटारीसाठी जागा सोडून तिला पुढे येण्याची खूण केली. मोटार हळूहळू बाहेर आली आणि धडक झाली. दोघांनाही टँकरमुळे पलीकडचे काही दिसत नव्हते. तरीही स्वाराच्या वाट्यास ८० टक्के व मोटारचालकाच्या वाट्यास २० टक्के दोष आला आणि अपील न्यायालयाने ही वाटणी कायम ठेवली. रांग ओलांडून पुढे जाणे हे मुळातच अतिशय धोक्याचे कृत्य असून ते करणाऱ्याने मोठी सावधगिरी बाळगली पाहिजे, असा न्यायालयाचा आशय होता.

या युक्तिवादातील त्रुटी सूक्ष्म आहे. कृत्य धोक्याचे आहे हे मान्य केले, तरी धोका कोणासाठी, हा प्रश्न उरतोच. धोका प्रामुख्याने स्वाराच्याच देहाला असतो; आणि फटीतून न दिसणाऱ्या मार्गिकेत मोटार घालणे हेही तितकेच आंधळे कृत्य आहे. पहिल्या कृत्यास ‘धोक्याचे’ हे विशेषण चिकटले, दुसऱ्यास चिकटले नाही. ८० आणि २० यांतील अंतर या विशेषणातून निर्माण झाले आहे, असे म्हणण्यास जागा आहे. हा वाद केवळ तात्त्विक नाही. २० लाख रुपयांचे नुकसान सिद्ध करणाऱ्या दावेदाराच्या हाती ८० टक्के कपातीनंतर ४ लाख रुपयेच उरतात.

क्लार्क विरुद्ध विंचर्च (१९६९) या निर्णयात न्यायालय आणखी पुढे गेले. बसचालकाने दिव्यांची उघडझाप करून मोटारीस वाट दिली, मोटार बसच्या पुढून बाहेर आली आणि बसला ओलांडणारा मोपेडस्वार तिच्यावर आदळला. त्याचा दावा सर्वस्वी फेटाळला गेला. बसचालकाच्या खुणेचा अर्थ ‘माझ्यापुरते तू येऊ शकतोस’ एवढाच होतो, हे न्यायालयाचे विवेचन तर्कशुद्ध आहे. परंतु तसे असेल, तर त्या मर्यादित खुणेवर विसंबून पुढे येणाऱ्या मोटारचालकाची जबाबदारी वाढावयास हवी होती. प्रत्यक्षात ती नाहीशी झाली.

या दोन निर्णयांना हळूहळू नियमाचे स्वरूप येऊ लागले. वर्सफोल्ड विरुद्ध हाउ (१९८०) या प्रकरणातील कनिष्ठ न्यायाधीशांना तर क्लार्कचा निर्णय आपल्यावर बंधनकारक आहे असे वाटले. तो नसता तर त्यांनी दोष निम्मानिम्मा वाटला असता. अपील न्यायालयाने ही गल्लत दूर केली. हळूहळू पुढे सरकणारा मोटारचालक निर्दोषच असतो असे कोणतेही विधितत्त्व नाही, प्रत्येक प्रकरण त्याच्या वस्तुस्थितीवर ठरावयाचे, असे सांगून ५० टक्क्यांची वाटणी करण्यात आली. या संपूर्ण मालिकेतील सर्वांत मोलाचा निर्णय हाच. वस्तुस्थितीविषयक निष्कर्षाचे नकळत कायद्यात रूपांतर कसे होते, याचा तो उत्तम पाठ असून विधी महाविद्यालयांत तो त्या दृष्टीने शिकविला जावा.

डेव्हिस विरुद्ध श्रोगिन (२००६) मध्ये पारडे दुसऱ्या टोकास गेले. मोटारसायकलस्वार ताशी सुमारे ४० मैल (सुमारे ६४ कि.मी.) वेगाने लांब रांग ओलांडीत असता रांगेतील एका मोटारीने एकाएकी उलट वळण घेतले. त्या क्षणी दुचाकी इतकी जवळ होती, की वेग कमी असता तरी अपघात टळला नसता. म्हणून संपूर्ण दोष मोटारचालकाचा ठरला. येथे प्रथमच कृत्याच्या चारित्र्याऐवजी त्याच्या परिणामाचा विचार झाला. अर्थात हा निर्णयही निर्विवाद नाही. संथ वाहतुकीतून वाट काढताना वेग कमी ठेवावा, असे तेथील ‘हायवे कोड’चा ८८ वा नियम सांगतो. निव्वळ शेवटच्या क्षणातील अंतरावर सर्व भिस्त ठेवल्यास त्या उपदेशास फारसा अर्थ उरत नाही. पुढच्याच वर्षी फार्ली विरुद्ध बकली (२००७) मध्ये वळणाच्या बेतात असलेल्या कचरागाडीला ओलांडणाऱ्या स्वाराचा दावा पूर्णतः फेटाळला गेला. वुडहॅम विरुद्ध टर्नर (२०१२) मध्ये पुन्हा निम्मी वाटणी झाली. ८०, १००, ५०, शून्य, पुन्हा १०० आणि पुन्हा ५० : स्वाराच्या वाट्यास आलेल्या दोषाचा हा आलेख कोणत्याही सूत्रात बसविता येत नाही.

भारतात हा प्रश्न अधिक तीव्र आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होत्या. दोषाच्या वाटणीसाठी इंग्लंडप्रमाणे १९४५ चा स्वतंत्र अधिनियम येथे नाही. तरीही विद्यादेवी विरुद्ध मध्य प्रदेश राज्य मार्ग परिवहन महामंडळ या निर्णयापासून (१९७५) त्यातील तत्त्व भारतीय न्यायालये लागू करीत आली आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६८ मधील ‘न्याय्य’ भरपाईची कल्पना त्यास पूरक ठरते. मागे बसलेल्या व्यक्तीची स्थिती मात्र वेगळी असते. टी. ओ. अँथनी (२००८) या निर्णयाने अंशदायी हयगय व संयुक्त हयगय यांतील भेद स्पष्ट केला असल्याने स्वाराचा दोष तिच्या भरपाईतून वजा करता येत नाही. न्यायाधिकरणांकडून हा भेद पुसला जातो, अशी खंत त्या निर्णयातच उमटली आहे.

खरी अडचण स्वाराच्या किंवा त्याच्या वारसांच्या दाव्यात येते. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय येथे समोरासमोर ठेवून वाचावे लागतात. निशान सिंग (२०१८) या प्रकरणात मालमोटारीच्या मागे पुरेसे अंतर न राखणाऱ्या मोटारचालकास वाहतूक विनियमांतील अंतराच्या नियमाच्या आधारे दोषी धरण्यात आले. मोहम्मद सिद्दीक (२०२०) मध्ये एका दुचाकीवर तिघे बसले होते. हा कायद्याचा भंग खराच. पण त्या भंगामुळे अपघात घडला किंवा हानी वाढली असे दाखविल्याखेरीज अंशदायी हयगय मानता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि उच्च न्यायालयाने केलेली कपात रद्द केली. अंतराचा नियम जसाच्या तसा लावल्यास रांगेतून जाणारा प्रत्येक स्वार आधीच दोषी ठरतो, कारण दोन मोटारींमधील जागेत पुरेसे अंतर संभवतच नाही. सिद्दीकचे तत्त्व लावल्यास दुसरा प्रश्न विचारावा लागतो : स्वार रांगेत आपल्या जागी थांबला असता, तर फटीतून येणाऱ्या मोटारीने केलेली चूक चूक राहिली नसती काय? न्यायाधिकरणांनी निशान सिंगचा आधार घेण्याचा मोह टाळणे इष्ट आहे. तेथे पुढचे वाहन आणि मागचे वाहन एकाच ओळीत चालले होते. येथे तिसरे वाहन आडवे येते.

तथापि हा प्रश्न न्यायाधिकरणापर्यंत पोहोचण्यापूर्वीच बऱ्याच अंशी निकालात निघालेला असतो. स्वार मृत झाला आणि ‘हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने’ हे ठरीव शब्द वापरून गुन्हा त्याच्याच नावे नोंदला गेला, तर अबेटेड समरी होऊन प्रकरण मिटते. विमा कंपनीचा बचाव मात्र तेथूनच सुरू होतो. फौजदारी कागदपत्रांतील निष्कर्ष न्यायाधिकरणावर बंधनकारक नाहीत, हे सर्वमान्य असूनही त्यांचा भार वारसांना वाहावा लागतो. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कलम १६४ नुसार दोष सिद्ध न करता मृत्यूबद्दल ५ लाख रुपये मागता येतात. कमावत्या तरुणाच्या कुटुंबास ती रक्कम अपुरीच पडते.

घटनास्थळ पंचनाम्याचा विचार केल्यास ही उणीव अधिक स्पष्ट होते. पॉवेल प्रकरणातील घटनाक्रमात दुधाचा टँकर कोठे उभा होता व त्याच्या चालकाने काय खूण केली, हे नोंदलेले आहे. येथे पोलीस पोहोचेपर्यंत रांग पांगलेली असते. वाट सोडणारा रिक्षाचालक किंवा हात दाखविणारा बसचालक निघून गेलेला असतो. पंचनाम्यात उरतात ती दोन वाहने, रस्त्याची रुंदी, काचांचा सडा आणि घसरल्याच्या खुणा. रांगच नाहीशी झाल्यावर ‘रांगेच्या कडेने’ हे ‘चुकीच्या बाजूने’ म्हणून वाचले जाते. २०२२ च्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने प्रथम अपघात अहवाल ४८ तासांत व सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यावयाचा आहे. त्यासोबतच्या स्थळनकाशात निघून गेलेल्या वाहनांची जागा दाखविण्याचे काम जवळच्या सिग्नलवरील कॅमेऱ्याचे चित्रण व शेजारच्या दुकानदाराचा जबाब करू शकतात, फक्त ते पहिल्या दोन-चार दिवसांतच मिळविणे आवश्यक असते.